देवाच्या घोड्याला कंटाळा आला

मी ओढ्यावरून धुण्याची दुसरी खेप घेऊन आले, तर पहिल्या खेपेत वाळत घातलेलं माझं हिरवं लुगडं देवळाच्या अंगणातून चालत निघालेलं. खाली चार पांढरे पाय, मागं शेपटीचा झुबका, आणि पुढच्या टोकाला लुगड्याच्या आतून कुणीतरी समाधानानं फुरफुरत होतं.

"अहो, बघा तुमचा लाडका!" मी बादली आपटली. "धुतलेलं लुगडं पांघरून गावात निघालाय!"

हे ओवरीत बसून पत्रावळ्या लावत होते. उठायचं सोडून पोट धरून हसायला लागले.

"जाऊ दे की गं, हौसा. थंडी वाजली असंल."

"वैशाखात?"

"मग लाज वाटली असंल. जलमापासनं उघडाच हिंडतोय."

मी लुगडं ओढायला गेले, तर घोड्यानं दुसरं टोक दातांत धरलं. मी ओढलं की तो ओढायचा. मी सोडलं की तोही सोडायचा आणि पुन्हा मान पुढं करायचा. शेवटी ह्यांनी उठून त्याच्या मानेखाली खाजवलं, तेव्हा कुठं स्वारी राजी झाली. लुगड्याला दातांची भोकं पडली ती पडलीच.

तो घोडा आमचा नव्हता. भैरोबाचा होता. आमच्या चिलारवाडीच्या भैरोबाला घोडा लागतो. चैत्रातल्या यात्रेत पालखीपुढं तो नटून देवळाभोवती एक फेरी घालतो. पाठीवर रिकामं खोगीर, आणि त्यावर देव बसलाय असं समजायचं. ती एक फेरी झाली की वर्षभराची चाकरी संपली. त्याच्या पाठीवर माणसानं बसायचं नाही, ओझं टाकायचं नाही, गाडीला जुंपायचं नाही. कुणी बसलं तर घोडा बाटला. बाईमाणसानं तर त्याच्या दोरालासुद्धा हात लावायचा नाही. त्याला सांभाळायचा मान गुरवाचा, म्हणजे आमच्या घराचा. म्हणून तो आमच्या अंगणात खुंट्याला उभा असायचा, हरभरा खायचा आणि कंटाळायचा.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात. ह्याच्या अंगात तर ऐन तारुण्य. ओठांनी फाटकाची कडी काढायला शिकला. कोंबड्यांवरचं डालगं उचलून सगळी पिलावळ गावभर करायचा, आणि आम्ही त्यांच्यामागं धावत असलो की मान वर करून बघत उभा. पहाटे पितळी बादलीला लाथ घालायचा आणि ती घरंगळत पार पायरीपर्यंत गेली की कान टवकारून आवाज ऐकायचा. माझ्या सासऱ्यांच्या, मामंजींच्या, डोक्यावरचा पटका तर त्यानं इतक्या वेळा पळवला होता, की बिचारे त्याच्यासमोर दोन्ही हात डोक्यावर ठेवूनच जायचे. ह्यांनी त्याचं नाव बिल्या ठेवलं होतं, बिलंदर म्हणून. मामंजींच्या कानावर मात्र ते जाऊ द्यायचे नाहीत. त्यांच्यापुढं 'वारू'.

पण त्याची सगळ्यात आवडती खोडी म्हणजे माणूस पाठ फिरवून निघालं की मागून धरायचं. उपरणं, टॉवेल, पदर, जे सापडेल ते. जाऊ नका, थांबा जरा माझ्यापाशी, एवढंच त्याचं म्हणणं. ह्याच खोडीनं पुढं आमचं घर खाल्लं.

झालं असं की गावातले एक वजनदार गृहस्थ, नरसूतात्या, एकदा मामंजींना विचारायला आले. विहीर पूर्वेच्या बांधाला खणू का? मामंजी म्हणाले, खण. तात्या वळले, आणि बिल्यानं त्यांचं उपरणं धरलं. तात्यांनी ओढलं, त्यानं ओढलं. तात्या पांढरेफटक पडले. "गुरवा, देव न्हाई म्हनतोय." त्यांनी पूर्वेचा बांध सोडला, पश्चिमेला खणलं, आणि पुरुषभर खाली पाणी लागलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. पण सगळा गाव फांदीकडं न बघता कावळ्याच्या पाया पडायला लागला.

तेव्हापासून दर रविवारी आमच्या अंगणात रांग. घोड्याला हळदकुंकू लावायचं, मनातलं मोठ्यानं बोलायचं, पाठ फिरवायची आणि फाटकाकडं चालू लागायचं. घोड्यानं मागून धरलं तर देवाचा नकार. नाही धरलं तर होकार. ह्याला लोक अडवण म्हणायला लागले. सोयरीक करायची, रेडकू विकायचं, भावकीत वाटणी मागायची, सगळं अडवणीवर. मामंजी खुंट्याजवळ घोंगडीवर ताठ बसायचे. सासूबाई मी लग्न होऊन यायच्या आधीच गेल्या होत्या. त्या गेल्यापासून उंबऱ्यात गप्प बसून असणारा हा म्हातारा पुन्हा माणसांत आला होता.

खरी गोम ह्यांना माहीत होती आणि ह्यांच्यामुळं मला. सकाळी हे बिल्याला ओढ्यावर न्यायचे. तिथं वाळूत मोकळा सोडायचे. तो चौखूर उधळायचा, लोळायचा, पाण्यात पाय आपटायचा. तसा फिरून आला की दुपारपर्यंत एखाद्या साधूसारखा डोळे मिटून उभा. त्याच्या नाकासमोरून धोतराचा सोगा फडकवत गेलात तरी ढिम्म. आणि ज्या दिवशी ओढ्यावर नेला नाही, त्या दिवशी मुंगीलासुद्धा अडवायचा.

मग ह्यांनी काय करावं? खालच्या आळीतली सखू तिला पसंत असलेल्या मुलाबद्दल विचारायला येणार हे कळलं, की त्या रविवारी पहाटेच बिल्याची ओढ्यावर रवानगी. "लोळवून आणलाय," माझ्या कानात सांगायचे, "होकार पक्का." आणि कुणी दारुडा बायकोची शेळी विकायचं विचारायला येणार असला की घोडा खुंट्यालाच.

"पाप लागंल हं तुमाला," मी म्हणायचे.

"कसलं पाप? देव दमला की हो म्हनतो, देव कटाळला की न्हाई म्हनतो. मी नुसता देवाला फिरवून आनतो."

"मग मामांना सांगा की एकदा खरं काय ते."

तेवढं म्हटलं की ह्यांचं हसू थांबायचं. "नगं गं. म्हातारा त्येच्यावर जगतोय."

त्या दिवसांत आम्ही फार हसायचो. आता मी सांगलीला मुलींच्या वसतिगृहात पोळ्या लाटते, आणि तिथल्या पोरी म्हणतात, मावशी कधी हसत नाहीत. माझ्या वाटणीचं तिकडंच हसून झालंय असं मी त्यांना सांगत नाही.

दिवाळी झाल्यावर ह्यांच्या पोटात दुखायला लागलं. आधी ओवा झाला, मग लिंबू, मग फडक्यात गुंडाळलेली गरम वीट. दुखणं बेंबीपासून उजव्या अंगाला सरकलं आणि तिथंच ठाण मांडून बसलं. ताप चढला. हे अंथरुणात गुडघे पोटाशी घेऊन पडले, ते सरळच होईनात. बाहेर बिल्या खुंट्याला. मामंजींच्या गुडघ्यांत त्राण नव्हतं, मी बाईमाणूस, आणि देवाच्या घोड्याचा दोर धरायला बाहेरचं कोणी धजेना. तो दिवसभर खुरांनी जमीन उकरायचा, बादली लाथाडायचा, आणि अंगणातून कोणी गेलं की दोर ताणून धरायला बघायचा.

शेवटी मी नरसूतात्यांच्या हातापाया पडून तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावलं. तरुण होते. त्यांनी ह्यांच्या पोटाला उजवीकडं हळूच दाबलं आणि हात एकदम उचलला. हे ओरडले तसं माणूस ओरडलेलं मी आधी ऐकलं नव्हतं.

"आत्ताच्या आत्ता मिरजेला न्या," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशन झालं तर माणूस वाचेल. आतडं फुटलं तर कुणाच्या हातात काही राहणार नाही." त्यांना पुढच्या गावाला बाळंतपणाला जायचं होतं. चिठ्ठी लिहून दिली आणि ते गेले.

गावात जीप एकच, सुबरावची. ती आली. ह्यांना गोधडीत घालून मागं ठेवलं. मी कपड्यांचं बोचकं घेतलं, मंगळसूत्र पदराआड केलं आणि मागच्या फळीवर चढायला लागले. तेवढ्यात मामंजी म्हणाले, "थांबा. देवाला इचारून घेतो."

मी फळीवरून खाली उतरले. डोक्यावरचा पदर सावरायचंही भान राहिलं नाही.

"मामा, नगा इचारू. पाया पडते तुमच्या. हे पडल्यापासनं त्याला कुनी सोडला न्हाई. कटाळलाय त्यो. त्यो धरनारच!"

मामंजींनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी भर अंगणात शिवी दिली होती.

"देवाला कटाळा येतो व्हय गं?"

आणि ते हळदकुंकवाचा करंडा घेऊन बिल्यापुढं जाऊन उभे राहिले. कुंकू कपाळावर लागायच्या ऐवजी नाकावर सांडलं. "भैरोबा, माझा एकुलता एक हाय. मिरजेला न्हेतोय. आडवू नगंस, बाबा." एवढं बोलून ते वळले.

बिल्याचे कान उभे राहिले. इतक्या दिवसांनी कुणीतरी त्याच्याशी खेळायला आलं होतं. मामंजींचं पाऊल पुढं पडतं न पडतं तोच त्यानं मान लांब केली आणि खांद्यावरचं उपरणं दातांत धरलं.

जमलेली माणसं दोन पावलं मागं सरली. कुणीतरी "देवाऽ" म्हणालं.

मामंजी वळले. पुढं मी त्यांच्याबद्दल मनात नको नको ते आणलं, पण त्या वेळी जे दिसलं तेच सांगते. त्या म्हाताऱ्याला होकार हवा होता. माझ्याइतकाच हवा होता. त्यांनी उपरणं सोडवून घेतलं आणि म्हणाले, "पुन्यांदा इचारतो." पुन्हा वळले, आणि ह्या वेळी गुडघ्यांची पर्वा न करता जवळजवळ पळालेच. बिल्यानं दोर ताणला आणि उपरण्याचं टोक पकडलं.

मग मामंजींनी ते उपरणं काढून जीपमध्ये टाकलं. धरायला काही ठेवलंच नाही तर देव धरणार कसा? देवाच्या डोळ्यांत धूळ फेकायला निघाला होता तो देवभोळा माणूस, पोरासाठी. तिसऱ्यांदा वळले तेव्हा बिल्यानं त्यांची बंडीच धरली. ती टरकन फाटली. मामंजी मटकन खाली बसले आणि त्यांनी त्याचे पुढचे दोन्ही पाय धरले.

"सोड की रं देवा. सोड की माझ्या ल्येकराला."

बिल्या तर हरखून गेला होता. त्यानं मामंजींच्या डोक्यावरचा पटका उचलला आणि हवेत भिरकावला. एरवी अख्खं अंगण हसलं असतं. त्या दिवशी कुणीच हसलं नाही. फक्त जीपमधून ह्यांचा आवाज आला, अगदी बारीक.

"आबा, खेळतोय त्यो. आधी ओढ्याला न्या त्याला... लोळू द्या... मग इचारा."

"तापात बरळतोय," नरसूतात्या म्हणाले.

सुबरावनं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मी त्याच्याकडं धावले.

"सुबरावभाऊ, चला हो. तुमच्या भैनीसारखी हाय मी."

त्यानं मान खाली घातली. "वैनी, तीनदा आडवलंय देवानं. घाटातनं गाडी न्ह्यायची हाय. मला बी पोरंबाळं हायती."

मी बैलगाडी मागितली. कुणी बैल देईना. मी म्हटलं, मी पाठीवर घालून नेते, डांबरी रस्त्यापर्यंत तर पोचेन, पुढं एखादा ट्रक मिळेल. बायकांनी माझे दंड धरले. शेवटी हेच म्हणाले, "हौसा, बस जवळ. लई आदळाआपट करू नगंस." त्यांना परत घरात आणून निजवलं. संध्याकाळी दुखणं एकाएकी थांबलं. मामंजींना वाटलं देवानं उतार दिला. ते देवळात जाऊन घंटा वाजवून आले. मला डॉक्टरांचे शब्द आठवत होते, आतडं फुटलं तर.

ह्यांचं अंग गार पडत गेलं. पुढं माझ्याशी फारसं बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "बिल्याला कुनीतरी फिरवून आना गं. कटाळलाय बिचारा." सकाळची एसटी फाट्यावर यायच्या आत सगळं संपलं.

मला वाटलं होतं, आता तरी लोकांचे डोळे उघडतील. कशाचं काय! तिसऱ्या दिवशी नरसूतात्या ओसरीवर बसून सांगत होते, "घाटात गाडी जानार हुती. सुबराव, तू बी, ती हौसा बी, समदी गेली असती. देवानं एकावर निभावलं." दुसरा म्हणाला, "मरान टळत न्हाई. पर देवाच्या पायाशी आलं. परमुलखात आलं असतं तर?" तेराव्यापर्यंत ते असं पक्कं झालं, की जणू भैरोबानं ह्यांना मारूनच आपलं खरेपण सिद्ध केलं होतं. लांबलांबच्या वाड्यांतून माणसं यायला लागली. पूर्वी रेडकांबद्दल विचारायचे, आता आजारी माणसांबद्दल विचारायला लागले. नारळांचा ढीग लागला.

बिल्याला कोणी ओढ्यावर नेईना. त्यानं एक नवीन उद्योग काढला. खुंट्याचा दोर दातांनी सोडवायचा, तोंडात धरायचा आणि आमच्या दारात येऊन उभा राहायचा. ह्यांची वाट बघत. ह्यांनीच रोज तो दोर धरून त्याला नेला होता ना. माणसं म्हणायची, देव स्वतःचा लगाम गुरवाच्या हातात देतोय, आणि मामंजी त्याला पुन्हा खुंट्याला नेऊन बांधायचे. मी दाराआड बसून हुंदके गिळायचे. घरात त्याच्याएवढं ह्यांच्यासाठी झुरणारं दुसरं कोणी मला दिसत नव्हतं.

मामंजी एकही रविवार चुकले नाहीत. ताठ बसायचे मात्र बंद झाले. घोंगडीवर पोटाशी गुडघे घेऊन बसायचे आणि प्रत्येक माणसाचा कौल बघताना त्यांचे ओठ हलत राहायचे.

पौषातल्या एका रविवारी माझ्या खिडकीखाली रांगेत एक बाई येऊन टेकली. खालच्या वाडीची शालन. नवरा ऊसतोडीला गेलेला. कडेवर चारेक वर्षांची मुलगी, तिची मान आईच्या खांद्यावर मोडल्यासारखी पडली होती आणि डोळे अर्धवट उघडे होते.

"काय झालं गं पोरीला?" मी गजांतून विचारलं.

"ताप हटंना, अक्का. मान बी धरंना झालीया. डाक्टर म्हनला, सांगलीला मोठ्या दवाखान्यात न्हे."

"मग न्हे की. दुपारची एस्टी हाय फाट्यावरनं."

"न्हेते की. बोचकं बी बांधून आनलंय." तिनं खरंच पायाशी ठेवलेलं बोचकं दाखवलं. "देवाला इचारते आन् तशीच जाते."

"आन् न्हाई म्हनला तर?"

तिनं वर बघितलं. माझ्या प्रश्नाचा तिला अर्थच लागला नव्हता. "न्हाई म्हनल्यावर कसं न्ह्यायचं, अक्का?"

मी अंगणात नजर टाकली. बिल्या खुर घासत होता. मघाशीच त्यानं एका म्हाताऱ्याचं धोतर धरलं होतं, त्याच्याआधी एका नवरदेवाचा टॉवेल. शालनचा पदर तर वाऱ्यावर उडत होता. ह्यांची युक्ती मला ठाऊक होती. बिल्याला ओढ्यावर नेऊन आणला असता तर हिला होकार मिळाला असता. पण मला कोण नेऊ देणार होतं? आणि आज हिला होकार मिळाला, तर पुढच्या रविवारी दुसरी कोणी येणार, तिचं काय?

मी दार उघडून बाहेर आले. विधवा बाई, वर्ष न झालेली, भर रविवारी अंगणात. रांगेतल्या बायका अंग चोरून बाजूला झाल्या. मी सरळ खुंट्यापाशी गेले आणि दोर सोडला.

"हौसे!" मामंजी ओरडले. "दोर सोड!"

माझे वडील पत्रावळ्यांचे भारे तट्टावर घालून बाजारोबाजार हिंडायचे, आणि लहानपणी मी त्या भाऱ्यांवर बसून त्यांच्याबरोबर गेलेली. घोड्यावर चढायचं मला नवं नव्हतं. मी बिल्याला देवळाच्या जोत्याशी लावला, लुगडं खोचलं, जोत्यावर चढले आणि त्याच्या पाठीवर टांग टाकली.

एक बाई किंचाळली.

"उतर! बाटंल त्यो!" मामंजी हात जोडत होते. "पोरी, पाया पडतो तुझ्या, उतर!"

"बाटूच द्या, मामा."

बिल्या आधी जागच्या जागी थिजला. त्याच्या पाठीची कातडी थरथरली. उभ्या जन्मात त्याच्या पाठीवर कुणी बसलं नव्हतं, तो मला फेकून देईल असं मला वाटलं, आणि दिलं असतं तरी मला चालणार होतं. पण त्यानं मान वळवून माझं पाऊल हुंगलं. मग ओठांनी फाटकाची कडी काढली आणि बाहेर पडला. ओढ्याची वाट त्याची त्यानंच धरली. वाळू लागल्यावर असा सुटला, की मी आयाळ धरून, डोळे मिटून पडून राहिले. मला रडू फुटलं. ह्यांना जाळून आले तेव्हासुद्धा मला असं रडता आलं नव्हतं. परत येताना तो पाऊल मोजून टाकत होता, आणि सगळ्या वाटेनं त्यानं एकही खोडी काढली नाही. बाटला म्हणून त्याच आठवड्यात गावानं त्याला बाजारात नेऊन विकला. पुढं तो टांग्याला लागला असं कुणीतरी सांगितलं. लागला असेल तर बरंच झालं. काम मिळालं त्याला.

आम्ही परतलो तेव्हा अंगणातून एकही माणूस हलला नव्हता. मी खाली उतरले. मामंजी मला मारतील, निदान शिव्या देतील, असं मी धरून चालले होते. ते घोंगडीवरून उठून आले, बिल्याच्या घामेजल्या पाठीवर त्यांनी तळवा ठेवला, जिथं मी बसले होते तिथं, आणि माझ्याकडं न बघता विचारलं,

"ह्यो नुसता घोडाच हुता, तर मग माझा जोतिराम कशापायी गेला गं?"

उत्तर त्यांना मिळालेलंच होतं. ते तसेच देवळात गेले आणि त्यांनी आतून दार लावून घेतलं.

मी शालनकडं वळले. ती मुलीला छातीशी आवळून उभी होती.

"शालन, आता कुनाला इचारायचं ऱ्हायलं न्हाई. एस्टीला अजून वेळ हाय. जा. मी येते तुझ्यासंगं."

मी हात पुढं केला, तशी ती मागं सरकली.

"तुझं काय गं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती भीती होती. "तुझा गेला. माझं ल्येकरू हाय अजून. आता मी कुनाला इचारू?"

"डाक्टरनं सांगितलंय की तुला!"

"डाक्टर काय देव हाय?"

तिनं बोचकं उचललं. मुलीची मान सावरली आणि फाटकातून बाहेर पडली. मी तिच्यामागं धावले. तिला हाका मारल्या, तिच्या लेकीची शपथ घातली. तिनं वळून पाहिलं नाही. फाट्याचा रस्ता डावीकडं जातो. ती उजवीकडं वळली. तिकडं दोन कोसांवर माळावर मरीआईचं ठाणं आहे, आणि तिथं दर रविवारी एका बाईच्या अंगात येतं.